आश्विनशेठ मी का सोडला

परभणीत जुनं कोणी भेटलं की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. आधी 'संगीत संशयकल्लोळ' नाटकातल्या 'मृगनयना' या पदाच्या दोन ओळी म्हणायचा आग्रह, आणि मग तो प्रश्न: "सर, एवढं रंगलेलं काम सोडलं कामून?"

नाटकाचा नायक आश्विनशेठ मी करायचो. अकरा प्रयोग झाले होते. बारावा जिंतूरला होता, सुपारी घेतलेली होती, आणि मी नाही म्हणालो. दिग्दर्शकाशी वाजलं, असं कुणी सांगितलं. गळा गेला, असं कुणी. नायिकेचं, रेवतीचं काम करणाऱ्या बाईंवरून माझ्या घरात भांडण झालं असंही बोललं गेलं, आणि त्या बाईंना त्याचा फार त्रास झाला. निदान तेवढ्यासाठी तरी मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

परवा एकांकिकेच्या तालमीला गेलो होतो, तिथं बी.ए.च्या एका मुलीनं निराळंच विचारलं. "सर, आश्विनशेठ चांगला माणूस आहे का हो?" बाकीची पोरं हसली. मला त्या रात्री झोप लागली नाही. तुम्ही सगळे इतकी वर्षं विचारत आलात म्हणून, आणि तिनं तसं विचारलं म्हणून, आज लिहितो.

'संगीत संशयकल्लोळ' तुम्हाला सांगायला नको. माझं जिथं अडतं तेवढीच जागा सांगतो. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि तिच्याजवळची आश्विनशेठची तसबीर पडते. ती फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला सापडते, तिच्याकडून फाल्गुनरावाकडं जाते, आणि आश्विनशेठला आपली तसबीर परक्याच्या हातात दिसते. झालं. जिच्याशी लग्न करायला निघाला, तिच्यावरचा विश्वास एवढ्यानं उडाला.

पंचविशीत मी याच माणसाची वकिली करायचो. वाचनालयातल्या एका बैठकीत तासभर बोललो होतो. मी म्हणत होतो की मूळ नाटक फ्रेंच नाटककार मोलिएरचं, १६६० सालचं. ते आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये इंग्रजीत आपल्या पद्धतीनं लिहिलं, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये गद्य 'तसबिरीचा घोटाळा' केला, आणि पदं घातलेला 'संशयकल्लोळ' गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ च्या ऑक्टोबरात रंगमंचावर आणला, तेव्हा देवल जाऊन चार महिने झाले होते. अडीचशे वर्षं ज्याला लोक हसले त्यात माणसांचा दोष कसला काढायचा? तसबीर हातोहात फिरते, तिनं सगळे फसतात. संशय चौघंही घेतात. कृत्तिका घेते, रेवतीसुद्धा घेते. मग एकट्या आश्विनशेठला का धरायचं? टाळ्या पडल्या होत्या त्या बोलण्याला.

त्या पंचविशीतल्या पोराला आज एकच विचारावंसं वाटतं. मोलिएरच्या नाटकातली मुलगी कुणाची होती रे? खात्यापित्या घरातली, डोक्यावर बाप असलेली. मर्फीचीही तशीच. देवलांनी तिला नायकिणीची मुलगी केली. म्हाताऱ्याशी लावलेल्या कोवळ्या मुलीच्या लग्नावर 'शारदा' लिहिणाऱ्या माणसानं हा बदल न कळून केला असं मला वाटत नाही. कृत्तिकेवर नवऱ्यानं कितीही आग पाखडली तरी ती त्या घरची बायकोच राहते. रेवतीवर संशय आला की तिला जिथून निघायचंय तिथंच तिचा पाय पुन्हा अडकतो. चौघांचा संशय एका मापाचा नाही. आणि संस्कृतातलं 'मृच्छकटिक' मराठी रंगभूमीवर आणलं ते याच देवलांनी. तिथला चारुदत्त आठवा. वसंतसेना गणिका, पण तिच्या खुनाचा आळ अंगावर घेऊन वधस्थानाकडं चाललेला तो माणूस तिच्याविषयी वाईट मनात आणत नाही. ज्या हातानं चारुदत्त मराठीत आणला त्याच हातानं आश्विनशेठ लिहिला.

(आमच्याकडं बोलताना 'संशय' कोणी म्हणत नाही, 'शक' म्हणतात. फाल्गुनरावाच्या नोकराचं, भादव्याचं काम करणारा आमचा गडी कापडदुकानात होता. तो तालमीत एकदा "मालकाला शक आलाय" म्हणून गेला आणि दिग्दर्शकांनी ते तसंच ठेवलं. प्रत्येक प्रयोगात तिथं हशा यायचा. तो फार गुणी नट होता.)

हे सगळं मला मनापासून पटतं. पण पुस्तकातल्या कारणासाठी कोणी उभं नाटक सोडत नाही.

१९८६ साल. सेलूच्या मुलीशी माझा साखरपुडा झाला होता. तिचे वडील मोंढ्यात मुनीम. ती मानवतच्या शाळेत शिकवायची. मीटरगेजच्या पॅसेंजरनं मानवत रोडपर्यंत, तिथून टांगा मिळाला तर टांग्यानं गावात, आणि संध्याकाळी तसंच उलटं.

फेब्रुवारीत तालमी जोरात होत्या. एका संध्याकाळी आमच्या नात्यातला एकजण आला आणि सहज बोलल्यासारखं बोलला, "तुझी होणारी पाथरीत दिसली. कुणाच्या तरी गाडीवर मागं बसली होती. हसत होती." 'हसत होती' हे तो बोलला नसता तर मी गेलोच नसतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी गेलोच असतो.

रविवारी काकांना घेऊन सेलूला गेलो. एकट्याला जाता आलं असतं. पत्र लिहिता आलं असतं, आमची पत्रं चालू होती. काकांना नेलं ते साक्षीला, हे आज कबूल करतो. बैठकीत तिचे वडील, काका आणि मी. पोहे आले. मी बशी हातात घेतली नाही आणि विचारलं. आवाज चढवला नव्हता, याचं मला तेव्हा फार वाटत होतं. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली, आणि आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "बाई, जरा बाहेर ये."

ती येऊन चौकटीला धरून उभी राहिली. बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मी तीन प्रश्न विचारले. गाडी कोणाची? हे कधीपासून? घरात कोणाला माहीत होतं? तिनं तिन्हींची उत्तरं दिली, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात. गाडी शाळेतल्या सरांची. आधी कधी नाही, त्या एकाच दिवशी. पॅसेंजर रद्द झाली होती, अंधारून आलं होतं. सरांचं घर पाथरीला, तिथं त्यांच्या बायकोनं चहा केला. निघताना त्यांच्या लहान पोरानं गाडीची किल्ली लपवली म्हणून सगळे हसत होते. मग सरांनी सेलूला घरापर्यंत आणून सोडलं. आणि वडिलांना त्याच रात्री सांगितलं होतं.

"हो," वडील म्हणाले, "सांगितलं होतं."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. तेच मला सांगू शकले असते. तरी तिला बाहेर बोलावलं, कारण होणाऱ्या जावयानं विचारलं होतं.

"अजून काही विचारायचंय का?" ती म्हणाली. मी नाही म्हणालो, आणि हसलो. छातीवरचा दगड उतरला होता माझ्या. काका हसले, "चला, मिटलं." वडीलही हसले. ती आत गेली. मग मी पोहे खाल्ले, निवले होते तरी सगळे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तालमीत गैरसमज फिटण्याचा प्रवेश होता. मी तो असा केला की दिग्दर्शक जागेवरून उठून आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज खरा आश्विनशेठ दिसला." ही शाबासकी मी कित्येकांना सांगत फिरलो. तिलाही पत्रात कळवली.

मे महिन्यात लग्न झालं. ते सर लग्नाला आले नाहीत. मधल्या काळात पॅसेंजर चुकली की ती मानवत रोडच्या फलाटावर पुढच्या गाडीपर्यंत बसून राहायची, कुणाच्या गाडीवर बसायची नाही. हे मला तिच्या धाकट्या बहिणीनं सांगितलं, तेही आमचा मुलगा शाळेत जायला लागल्यावर.

माझी बाजू मांडायची तर मांडता येते. त्या काळात आमच्याकडं असं विचारलं जायचं, आणि विचारणाऱ्याला कोणी वाईट म्हणायचं नाही. तिची नोकरी मी सोडू दिली नाही, परभणीजवळ बदली व्हावी म्हणून दोन वर्षं खेटे घातले. त्यानंतर आजपर्यंत कधी शक घेतला नाही. पण ही यादी मी मनात कितीदा वाचली आहे, आणि सेलूची ती बैठक तिच्यात बसत नाही.

अकरावा प्रयोग तिनं पाहिला. आधीच्या दहांना काही ना काही निघालं होतं, बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण. रात्री घरी आल्यावर अंथरुणं घालताना ती म्हणाली, "तुमचा आवाज चांगला लागला आज." मी विचारलं, नाटक कसं वाटलं? ती थोडा वेळ उशांचे अभ्रे सारखे करत राहिली.

"ती परत त्याच्याकडं जाते ते मला काही खटकलं नाही," ती म्हणाली. "तिला दुसरं दार कुठं होतं?"

ती रेवतीविषयीच बोलत होती. पुढं काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. सकाळी जिंतूरला नाही म्हणून कळवलं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येतो, कारण तिला उत्तर द्यायचं राहिलं आहे. कधी वाटतं, मी त्या माणसावर अन्याय करतोय. शेवटी तो नायकिणीच्या मुलीचा हात सगळ्यांसमोर धरतो, आणि १९१६ च्या प्रेक्षकांपुढं ती काही लहान गोष्ट नव्हती. तो पस्तावतो. त्याला पस्तावायला निदान काही मिनिटं दिली आहेत देवलांनी, मी तेवढीही घेतली नव्हती. मग पुन्हा वाटतं, लग्नाचा मुहूर्त जवळ आला म्हणून पस्तावा खरा कसा धरायचा? रेवतीनं त्याला क्षमा केली का, हे मला अकरा प्रयोग करून कळलं नाही, आणि समोर उभ्या असलेल्या बाईंनाही कळलं असेल असं वाटत नाही. आम्ही दोघं त्या प्रवेशात फार सुरेख गायचो.

काम सोडलं ते तरी बरोबर होतं का, यावरही आमच्या घरात एकमत नाही. ती म्हणते, "सोडताना तरी मला कुठं विचारलंत? मला ते पद आवडायचं. तुम्ही ते घरातसुद्धा म्हणणं बंद केलं." हे तिनं मला पहिल्यांदा मागच्या वर्षी सांगितलं.

हे लिहून झाल्यावर आधी तिला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं. पेन मागितलं, आणि 'तीन प्रश्न' लिहिलं होतं तिथं 'तीन' खोडून 'चार' केलं. मी म्हणालो, तीनच होते. ती म्हणाली, नाही, चार होते. गाडीवर बसताना दोघांच्या मधे पिशवी ठेवली होती का, असं तुम्ही विचारलं होतं.

मला ते आजही आठवत नाही. तू काय सांगितलंस, असं मी विचारलं.

"ठेवली होती म्हणाले. तपासायच्या वह्या होत्या तिच्यात."