रेंट, लेट आणि इंग्लंडमधलं भाड्याचं घर

इंग्लंडला येणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: घर शोधण्याआधी 'रेंट' आणि 'लेट' यांतला फरक नीट समजून घ्या.

मराठीत आपण घर भाड्याने देतो किंवा घेतो, त्यामुळे कोण कुठल्या बाजूला आहे हे लगेच कळतं. इंग्रजीतला रेंट दोन्ही बाजूंनी चालतो. लेट मात्र फक्त देणाऱ्याचा. मालक घर लेट करतो, भाडेकरू ते रेंट करतो. अमेरिकेत घरावर 'फॉर रेंट' अशी पाटी असते, इथे 'टू लेट'. तिच्यावर 'लेट अग्रीड' अशी पट्टी चढली की घर बहुतेक गेलंच, तिथे फोन करण्यात वेळ घालवू नका.

आता 'लेटिंग एजंट' बघा. नावातच आहे की तो घर देणाऱ्याच्या वतीने काम करतो. तो कितीही गोड बोलला तरी त्याचे पैसे मालक देतो, त्यामुळे करार स्वतः वाचायचा. पूर्वी हे एजंट कागदपत्रं तपासण्याचेसुद्धा पैसे भाडेकरूकडून घेत. 1 जून 2019 पासून इंग्लंडमध्ये कायद्याने ते बंद झालं, आणि मला हा कायदा फार मोलाचा वाटतो. घर अडवून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं मागता येतं. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

हा आठवडा काढताना महिन्याच्या भाड्याला चारने भागू नका. बाराने गुणून बावन्नने भागा. महिना 1,300 पौंड असेल तर आठवड्याचे 300 होतात, म्हणजे अनामत 1,500. चारने भागलं तर आठवडा 325 आणि अनामत 1,625 येते, म्हणजे सव्वाशे पौंड जास्त! शिवाय अनामत मिळाल्यापासून 30 दिवसांत ती सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते. त्याचा कागद मागून घ्या. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिकडे जाणाऱ्यांनी ते स्वतंत्र बघावेत.

आणि थोड्या वेळापुरती वस्तू भाड्याने घ्यायची असेल, सूट, हॉल, गाडी, तर इथला शब्द 'हायर'. सामान हलवायला गाडी हवी असेल तर 'व्हॅन हायर' असं शोधा.