अकरा वेळा 'वाटलं'

गोष्ट साधी होती. मधुकर बहिणीकडे, शालनकडे, हक्कसोडपत्रावर सही मागायला येतो. सगळं शालनच्या डोक्यात घडतं, पण निवेदन तृतीयपुरुषी. पहिला खर्डा वाचला आणि लाल पेनने गोल करत गेलो. 'शालनला वाटलं', 'तिला वाटलं की', 'तिच्या मनात आलं'... नुसतं 'वाटलं'च एका पानात अकरा वेळा!

मग इंग्रजी कादंबऱ्यांत पाहिलेली युक्ती केली. विचार तिरप्या अक्षरांत टाकले, तेही 'मी' वापरून. दिवाळी अंकाला कथा गेली, फाँट बदलताना तिरपेपणा उडाला, आणि प्रूफमध्ये निवेदनाच्या मधोमध 'मी नाही करणार सही' असं वाक्य उभं! हा 'मी' कोण? मलाच क्षणभर कळेना. संपादकांनी दोन दिवस दिले.

पहिल्या रात्री 'मी'चं 'आपण' केलं. 'आपण सही करायची नाही.' 'आपण' म्हणजे जिच्या मनात चाललंय तीच, त्यामुळे शालन आणि वहिनी यांच्यातली 'ती'ची ओढाताणही मिटली. काळही बदलावा लागत नाही. 'आली', 'बसली' अशा भूतकाळात 'उद्या जावं लागणार' खुशाल बसतं.

तरी काहीतरी खटकत होतंच. मावशीला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "सख्ख्या भावाला ती मनात मधुकर म्हणते होय रे?"

दुसरी रात्र त्यातच गेली. 'दारात मधुकर उभा होता. तो सहीसाठी आला असावा असं शालनला वाटलं,' याचं असं झालं:

'दारात दादा. हातात पेढ्यांचा पुडा. दादा आणि पेढे! म्हणजे सहीचंच काम. वहिनीने पाठवलं असणार. बहिणींना कुठे हिस्सा हवाय म्हणे. आणि अण्णांच्या उशाशी तीन महिने कोण बसलं होतं? ह्यांना विचारावं तर म्हणतील, तुझं तू बघ. शालनने चहाचं आधण ठेवलं.'

अवतरणचिन्ह नाही, 'वाटलं' नाही. 'दादा', 'ह्यांना' आणि तो कुजका 'म्हणे' आला की आपण कोणाच्या डोक्यात आहोत ते वेगळं सांगायला नको. 'मधुकरला लाज वाटली' हे वाक्य मात्र गेलं. शालनला ते कुठून दिसणार? दादा पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला, एवढंच तिला दिसलं.

एक 'वाटलं' मी मुद्दाम ठेवलं. निबंधक कार्यालयात सही-अंगठा उरकून परतताना, एसटीत, शालनला वाटलं, गॅस बंद करायचा राहिला. तिथे ते हवंच होतं. गॅस बंद होता. शालनला ते माहीत नव्हतं, मला होतं.