चतुर्थकात अडकलेला चौथा चॅप्टर : माझा अनुभव

डेझर्टेशन एकदाचं सबमिट झालं, सही-शिक्क्यासकट, म्हणून आता निवांत लिहायला बसलेय. एमए इकॉनॉमिक्स, विषय खटाव तालुक्यातले छोटे दूध उत्पादक. सिनॉप्सिस, प्रश्नावली, घरोघर फिरणं हे सगळं वेळेत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती चौथ्या चॅप्टरला, म्हणजे जिथं फक्त गोळा केलेले आकडे थोडक्यात मांडायचे असतात, सरासरी, मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा), प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) आणि चार-पाच टेबलं. सगळे म्हणतात हा सोपा चॅप्टर. माझे त्यात सात आठवडे गेले.

आधी आकडे दाखवते म्हणजे कळेल. एका वस्तीवरची दहा घरं, रोज डेअरीला घातलेलं दूध लिटरमध्ये : ४, ५, ५, ६, ७, ८, ९, १०, १२ आणि ६४. शेवटचा मुक्त गोठावाला, म्हणजे जनावरं न बांधता मोकळी ठेवणारा. बेरीज १३०, सरासरी १३. मी टेबलात १३ लिहून मोकळी झाले होते. गाइड मॅडमनी फोनवरच विचारलं, अगं या वस्तीवर १३ लिटर घालणारं घर आहे कुठलं? बघितलं तर दहापैकी नऊ घरं १३ च्या खाली. मध्यक काढला तर साडेसात, आणि साडेसात म्हटलं की ती वस्ती डोळ्यासमोर येते. प्रमाण विचलन १८.१ आलं, म्हणजे सरासरीपेक्षा मोठं. दुधासारख्या आकड्यात, जो शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, असं झालं की समजायचं एखाद-दुसरा मोठा आकडा सरासरीला एका बाजूला ओढत असणार. आपल्याला हे शिकवायलाच नको खरं तर, सातारा जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढून बघा, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि आमच्या माण-खटावला पाचशेच्या आसपास, ती सरासरी कुठल्या शेतकऱ्याच्या कामाची?

तर मॅडमच्या सांगण्यावरून मी प्रत्येक वस्तीला मध्यक, पहिलं आणि तिसरं चतुर्थक (ज्यांच्या खाली अनुक्रमे पाव आणि पाऊण घरं येतात ते आकडे), कमीत कमी, जास्तीत जास्त असं पाच आकड्यांचं टेबल केलं. मॅडमची सही झाली. आता राहिली आकडे तपासणाऱ्या सरांची सही. ते बसतात फक्त गुरुवारी, अकरा ते एक. वडूजहून पुसेगाव-कोरेगाव करत एसटीने साताऱ्याला जायचं, पतसंस्थेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

पहिल्या गुरुवारी चॅप्टर ठेवून आले, दुसऱ्या गुरुवारी परत मिळाला, वर लाल पेनाने दोन शब्द, आकडे तपासा. कुठले आकडे? सर जागेवर नव्हते आणि क्लार्क म्हणाले, मॅडम आम्हाला काय माहीत. घरी येऊन ८४ घरांच्या ८४ ओळी प्रश्नावल्यांशी पुन्हा ताडून बघितल्या. दोन चुका सापडल्यासुद्धा. तीन ठिकाणी मी सेलमध्ये नुसतं ८ न लिहिता ८ लि असं लिहिलं होतं, एक्सेल त्याला अक्षरं समजतं आणि सरासरीतून गुपचूप वगळतं. आणि ज्यांची म्हैस भाकड होती तिथं मी सेल रिकामा सोडला होता, तिथं शून्य पाहिजे, कारण रिकामा सेल एक्सेल मोजत नाही आणि शून्य मोजतं. उत्तर मिळालं नाही ते घर वेगळं आणि आज दूध नाही ते घर वेगळं, हे भरतानाच ठरवा.

वाटलं हेच असणार. चौथ्या गुरुवारी परत तेच, आकडे तपासा. त्या दिवशी स्टँडवर बसून मला खरंच रडायला आलं. रात्री प्रमाण विचलनाच्या मागे लागले, सगळ्या घरांचा डेटा असेल तर भागायचं एन ने, म्हणजे घरांच्या संख्येने, आणि नमुना, म्हणजे त्यांतली निवडक घरं, असेल तर एन वजा एक ने, माझा नमुना होता आणि मी एन वजा एकच वापरलं होतं (एन ने भागलं असतं तर १८.१ च्या जागी १७.२ आलं असतं). ते बरोबर निघालं. मग काय चुकलं?

सहाव्या गुरुवारी कागद परत आला तेव्हा एका आकड्याभोवती गोल होता. याच वस्तीचं तिसरं चतुर्थक, ९.७५. निदान जागा तरी कळली. एक्सेलला दहादा विचारलं, दहादा ९.७५. वर्गमैत्रिणीने तेच आकडे एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले तर १०.५. आता कुणावर विश्वास ठेवायचा? माझी नणंद अकरावीला आहे, ती शेजारी अभ्यास करत होती, म्हणाली, "वहिनी, हे आमच्या अर्थशास्त्रात आहे की, विभाजन मूल्ये." तिच्या पुस्तकातली रीत अशी, आकडे चढत्या क्रमाने लावा, घरं दहा म्हणून अधिक एक अकरा, भागिले चार २.७५, गुणिले तीन ८.२५. म्हणजे आठवा आकडा १० आणि नववा १२, त्यांच्यामधला पाव भाग पुढे, १०.५. वहीच्या पाठीमागे करून बघितलं आणि सात आठवड्यांचा गुंता पाच मिनिटांत सुटला. एक्सेलचं साधं क्वार्टाइल दुसऱ्या रीतीने मोजतं, ७.७५ व्या जागेवर, म्हणून ९.७५. आकड्यांचे सरळ दोन भाग करून वरच्या पाचांचा मधला घेतला तर येतं १०. एकाच दहा घरांची तीन उत्तरं आणि तिन्ही रीतसर! १९९६ मध्ये हाइंडमन आणि फॅन या संख्याशास्त्रज्ञांनी सॉफ्टवेअरमधल्या अशा नऊ पद्धती मांडून ठेवल्यात. एक्सेल २०१० पासून दोन वेगळी फंक्शन्स आहेत, नावाच्या शेवटी इन्क आणि एक्स्क, पुस्तकाशी जुळतं ते एक्स्क.

सातव्या गुरुवारी सर भेटले. दोन्ही गणितं समोर ठेवली. म्हणाले, "दोन्ही चालतात, पण आपल्याकडे पुस्तकातलं सूत्र लावायचं." मग हे पहिल्याच वेळी दोन ओळींत लिहायला काय हरकत होती? माझ्या रजा गेल्या, गाडीभाडं गेलं, याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही टेबलाखालीच लिहून टाका, चतुर्थके अमुक सूत्राने काढली आहेत. मी आता प्रत्येक टेबलाखाली ती ओळ घातलीय.

व्हायवात विचारलं, ६४ वालं घर काढून का नाही टाकलं? बॉक्स प्लॉट, म्हणजे त्याच पाच आकड्यांचं चित्र, दाखवला, संख्याशास्त्रज्ञ जॉन टकींच्या नियमाने तिसऱ्या चतुर्थकापुढे दोन्ही चतुर्थकांमधल्या अंतराच्या (१०.५ वजा ५) दीडपट, म्हणजे १८.७५ च्या पलीकडचा आकडा वेगळा ठिपका म्हणून दाखवतात, पुसत नाहीत. तो गोठा खरा आहे, मी तिथं चहा प्यायलेय. आणि सुखात्म्यांचं उदाहरण दिलं. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे १९११ साली आमच्याच तालुक्यातल्या बुध गावी जन्मले. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये माणशी रोज २२५० कॅलरींवरून गरिबी मोजली, तेव्हा सुखात्म्यांचा आक्षेप हाच होता की गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते, सरासरीच्या खालचा प्रत्येकजण उपाशी धरता येत नाही. दांडेकर साताऱ्याचेच. हे बोलताना मला फार अभिमान वाटला.

एक राहिलंच. फॅटची सरासरी नुसती काढू नका. एक घर ४ लिटर म्हशीचं ७ फॅटचं, दुसरं ६४ लिटर गायीचं ३.५ चं, नुसती सरासरी ५.२५ येते, पण दोघांचं दूध एका कॅनमध्ये ओतलं तर फॅट लागेल ३.७ च्या आसपास. लिटरने गुणून मग भागा. माझ्या पान ६१ वर हे चुकलं होतं आणि ते सात गुरुवारांत कुणाच्याच लक्षात आलं नाही, बाइंडिंगच्या आदल्या रात्री मीच पकडलं.