तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोच्या आधीचा रविवार

"ताई, मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. बाहेर कुठेतरी आमचे तिघांचे छान फोटो काढायचेत. तयारी काय करू?"

हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि तिच्या मनात कपडे घोळत असतात. कुठला रंग, तिघांचे सारखे हवेत का, बाळाला धोतर-कुर्ता शिवू का. ठाण्यात मी अकरा वर्षं घरोघरच्या मंडळींचे फोटो काढते आहे, त्यामुळे कपड्यांबद्दलही सांगेन. पण माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आदल्या रविवारी, त्याच जागी, त्याच वेळेला, मुलाला घेऊन एकदा नुसते जाऊन या. कॅमेरा नको, नवे कपडे नकोत, मोबाइलही पर्समध्येच राहू दे.

पावणेदोन वर्षांच्या मुलाला नवी जागा अंगावर येते. तो आधी आईच्या खांद्यात तोंड खुपसतो, मग एका डोळ्याने बघतो, मग खाली उतरायचं म्हणतो, दोन पावलं टाकून परत येतो. यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात आणि ती गेलीच पाहिजेत. ती फोटोच्या दिवशी गेली तर आईबाबांचा जीव कासावीस होतो, आणि आईचा ताणलेला आवाज मुलाला लगेच कळतो. तेच मूल दुसऱ्यांदा आलं, की ओळखीच्या ठिकाणी धावत सुटतं. मागे ठाण्यातल्या उपवन तलावावर एक कुटुंब असं आधी फिरून गेलं होतं. त्यांच्या मुलीला तळ्यापेक्षा कठड्यापाशी साचलेली वाळकी पानं आवडली होती, हे आईने मला फोनवर सांगितलं. फोटोच्या दिवशी आम्ही थेट त्या पानांपाशी गेलो. ती मुठी भरभरून बाबांच्या डोक्यावर पानं टाकत राहिली आणि मला काही सांगावंच लागलं नाही.

जागा निवडताना सूर्य कुठल्या बाजूला असेल ते बघा. उपवन तलावाच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, म्हणून संध्याकाळी ऊन तिथून लवकर निघून जातं. सकाळी मात्र पूर्वेचं कोवळं ऊन थेट डोंगरावर पडतं, त्यामुळे उपवनला मी सकाळीच बोलावते. वाशीच्या सागर विहारला उलट हिशेब. खाडी पश्चिमेला, म्हणून मावळतीचा सोनेरी उजेड पाण्यावरून येतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातनंतर. त्याच्या तासभर आधी पोचायला हवं. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि मुलं डोळे किलकिले करतात. नाइलाज असेल तर मोठ्या झाडाची गर्द सावली शोधा. येऊरला आत जायचा हट्ट काही जण धरतात. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचं घर आहे. लहान मुलाला घेऊन कातरवेळी तिथे मी येत नाही. आणि नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यावर फ्लेमिंगो मागे हवेत म्हणणाऱ्यांना मी भरतीचं गणित सांगते. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो तेव्हा पक्षी तळ्यावर येतात, ओहोटीला परत चिखलात चरायला जातात. भरती, उजेड आणि बाळाची झोप तिन्ही एका वेळी जमणं फार अवघड. पक्षी बघायला मुलाला जरूर न्या, फोटोसाठी दुसरा दिवस ठेवा.

त्या तिन्हींत कशाला मान द्यायचा असेल तर झोपेला. उजेड थोडा कमी असला तर मी सांभाळून घेईन, अर्धवट झोपेतून उठलेलं मूल कुणालाच सांभाळता येत नाही. घोडबंदर रोडच्या गर्दीत गाडीत डोळा लागला असेल तर उठवू नका. मला फोन करा, मी कट्ट्यावर बसून थांबते. दुपारची झोप एक ते तीन असेल तर संध्याकाळ घ्या. सकाळी सहालाच उठणारं मूल असेल तर सकाळ. निघण्यापूर्वी पोटभर वरणभात, सोबत केळं आणि धिरड्याचे तुकडे. चॉकलेट आणि क्रीमची बिस्किटं नकोत, ओठांभोवतीचा रंग निघता निघत नाही.

हे सगळं मी माझ्या लेकीकडून शिकले. ती वीस महिन्यांची असताना आम्ही आमचे फोटो काढून घ्यायला एका बागेत गेलो होतो, साडेअकरा वाजता, कारण फोटोवाल्यांना तीच वेळ सोयीची होती. मी तिला जरीचं परकर-पोलकं शिवलं होतं, पहिल्यांदाच घातलेलं. जर बगलेत टोचत होती. ती बोलू शकत नव्हती, म्हणून रडत होती, आणि मी तिला हसायला सांगत होते. रात्री आंघोळ घालताना बगलेत लाल वळ दिसले. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

म्हणून कपडे. मुलाचे कपडे दोनदा धुतलेले, मानेमागची चिठ्ठी कापलेली, आदल्या रविवारी घरीच निदान तासभर घालून बघितलेले हवेत. बूट तर आठवडाभर आधीपासून घालायचे. रंगात एवढंच बघा की हिरवळीवर पोपटी नको, आणि झगझगीत गुलाबी-केशरीची झाक हनुवटीवर पडते. बारीक रेघांचे शर्ट पडद्यावर लहरल्यासारखे दिसतात. सारखे कपडे मला आवडत नाहीत, तिघं गणवेशात आल्यासारखी वाटतात. घरात आईने आधी तयार व्हावं, मग बाबा, आणि बाळाला कपडे तिथे पोचल्यावर घालावेत. आई शेवटी तयार होते तेव्हा तिचे केस ओले असतात आणि पोटात काही नसतं. वर्षानुवर्षं घरातल्या फोटोंतून आईच गायब असते, कारण मोबाइल तिच्या हातात असतो. निदान या दिवशी तिला घाईत उभं करू नका.

पावडरचा थर नको, फोटोत पांढरे डाग दिसतात. पण आजीने गालावर लावलेली तीट पुसू नका. "नंतर फोटोशॉपमध्ये काढता येईल ना?" असं विचारतात. येईल, पण मी काढत नाही. ती आजीच्या बोटाची खूण आहे.

प्रत्यक्ष फोटो काढताना सगळ्यात मोठी अडचण प्रेमाचीच असते. आजी डावीकडून टाळ्या वाजवते, मामा उजवीकडून खुळखुळा, बाबा मागून "इकडे बघ, इकडे बघ!" मूल चार दिशांना मान फिरवून गोंधळतं. एकाच माणसाने बोलवावं, तेही माझ्या खांद्यामागे उभं राहून. बाकीच्यांनी मुलाशी खेळावं किंवा गप्प बसावं. तुम्ही त्याच्याकडे बघा, तो कुठे बघतोय ते माझ्यावर सोडा. धावणाऱ्या मुलासाठी मी कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतंच उघडते, धावतानाही चित्र पुसट येत नाही, त्यामुळे "एक जागी उभा राहा" म्हणायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच करू देत नाही. आईबाबांनी दोन्हीकडून मनगटं धरून मुलाला हवेत झुलवायचं, हा फोटो सगळ्यांना हवा असतो. पाच वर्षांखालच्या मुलांचा हात असा ओढला गेला तर कोपराचं हाड जागचं सरकू शकतं. ते डॉक्टरांकडून लगेच बसवता येतं, पण मूल कळवळतं. बगलेत धरून उचला, हसू तेच येतं.

चाळीस मिनिटं झाली की मी कॅमेरा पिशवीत ठेवते, तुम्ही "अजून दोनच" म्हणालात तरी.

तर या रविवारी जाऊन या. परत आल्यावर मला कपड्यांचे फोटो पाठवण्याआधी एवढं कळवा, की त्याला तिथे काय आवडलं. पायऱ्या, नळ, कुत्रं, दगड, जे असेल ते. मी तिथेच येऊन उभी राहीन.