मिटवलं नाही, लिहून घेतलं

कास्टिंगला गेज लावायला वाकलं की मागून सुपरवायझरचा शेरा यायचा आणि लाइनवरची पोरं हसायची. त्याला तोंडावर सुनावलं, तर पुढच्या आठवड्यात मला क्वालिटीतून उचलून स्टोअरला रजिस्टर लिहायला बसवलं. "बायकांना तेच बरं." कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांना हे नवीन नाही. नावं लिहीत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं कलम 16 तशी मुभा देत नाही. कुणाची ओळख न उघडता मिळालेला न्याय मात्र सांगता येतो.

घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीतल्या समितीकडे, लेखी तक्रार दिली. लगेच एचआरचे साहेब समेटाचा टाइप केलेला अर्ज घेऊन हजर. "सही करा ताई, दिवाळीला तुमचं काहीतरी बघू." समितीवरच्या, कंपनीबाहेरच्या मॅडमनी तो कागद बाजूला सारला. समेट मागायचा तर तक्रारदार बाईनं, तोही चौकशी सुरू होण्याआधी. आणि पैसे देऊन समेट करता येत नाही, कायद्यातच तसं आहे.

मग विचार करून मीच समेट मागितला. चौकशीला नव्वद दिवस मिळतात, त्याचं काही नाही. पण साक्षीला कोण येणार? हसणारी पोरं सुपरवायझरच्याच हाताखालची, त्यांचा ओव्हरटाइम तोच लावतो.

बैठकीत खरा वेळ खाल्ला तो माफीच्या एका ओळीनं. "माझ्या बोलण्याने कोणाला वाईट वाटले असल्यास..." मी म्हटलं, कोणाला म्हणजे? असल्यास म्हणजे? माझं नाव घाला आणि काय बोललात ते घाला. सुपरवायझरचा चेहरा उतरला. तीनदा खाडाखोड झाली, चहा गार झाला, पण ओळ बदलली. बाकीचं पटकन झालं: मी परत क्वालिटीत, त्याची शिफ्ट वेगळी, माझ्या रजा आणि वार्षिक शेरा दुसऱ्या साहेबांकडे.

समितीनं सगळं नोंदवून एक प्रत कंपनीला, एक मला, एक त्याला दिली. समेट झाला की त्या तक्रारीची चौकशी होत नाही. अट मोडली तर होते. पुढच्याच महिन्यात माझा रजेचा अर्ज त्याच्याच टेबलावर गेला. मी समितीला दोन ओळी लिहिल्या, सोबत प्रतीची झेरॉक्स जोडली. दुपारपर्यंत अर्ज दुसऱ्या साहेबांच्या सहीनं परत आला.