टँकरच्या गोष्टीचं बालनाट्य होताना

मूळ गोष्टीत एवढंच होतं: ‘रात्री दोन वाजता टँकर आला आणि अख्खी वाडी जागी झाली.’ छापील गोष्टीत ते पुरलं. त्याच गोष्टीचं बालनाट्य लिहायला घेतलं तेव्हा या एका वाक्याला बारा दिवस लागले. लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेतली बारा मुलं नाटकात होती, वयं आठ ते तेरा. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते यातल्या कुणालाच आठवत नाही. त्यांनी ते फक्त आई-आजीकडून ऐकलंय. टँकरची रांग मात्र त्यांना पाठ आहे, म्हणून नाटक रांगेपासूनच सुरू केलं.

आधी पानांचा हिशेब. फुलस्केपवर हातानं लिहिलेलं एक पान मोठे नट साधारण दीड मिनिटात करतात. मुलं वाक्यं घाईनं टाकतात, पण घोळक्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला वेळ लागतो, त्यामुळे पानाला दोन मिनिटं धरावी लागतात. चाळीस मिनिटांच्या नाटकाला वीस पानं झाली. माझा पहिला खर्डा एकतीस पानांचा होता. कापताना आधी वर्णनाची वाक्यं काढली. ‘किती ऊन आहे!’ असं कुणी म्हणायची गरज नाही, मूल डोक्यावर दप्तर धरून आत आलं की ऊन दिसतं.

त्यानंतर दम. नऊ वर्षांचं मूल एका श्वासात मोजकेच शब्द स्पष्ट बोलतं. पुढचे शब्द खाली पडतात, आणि मराठीत नेमकं क्रियापद शेवटी येतं. ‘आज मी तुझ्यासाठी विहिरीवरून पाणी आणणार नाही’ हे वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंत ‘पाणी आणणार’ एवढंच पोचतं, म्हणजे अर्थच उलटा होतो. मी ते ‘नाही आणणार पाणी! आज नाहीच!’ असं केलं. अख्ख्या संहितेतले नकार असे पुढे ओढले. वाचनाच्या वेळी मुलाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. त्यामुळे पहिली पाच वाचनं मी हातात पेन्सिल घेऊनच ऐकतो, आणि मूल अडखळलं की आधी वाक्य तपासतो, मुलाला मागाहून सांगतो.

बोली ठेवायची की नाही, याबद्दल शिक्षकांमध्ये दोन मतं असतात. माझं मत पक्कं आहे. मुलं आपसात बोलताना ‘काय करायलास?’ असंच बोलतील. प्रमाण मराठी फक्त पाहणीला आलेल्या साहेबाच्या तोंडी. असं केलं की साहेब आत येताच भाषा बदलते आणि मुलं आपोआप अंग चोरून उभी राहतात, वेगळं शिकवावं लागत नाही. एक काळजी घ्यावी लागते: बोलीचा शब्द सगळीकडे एकसारखा लिहायचा. एका पानावर ‘करायलो’ आणि दुसऱ्यावर ‘करालो’ असं झालं की पाठांतर डगमगतं.

सगळ्यात जास्त विचार भूमिका वाटण्यावर झाला. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती घरं बंद असतात. बालनाट्य स्पर्धा बहुधा हिवाळ्यात असतात. बारापैकी चार मुलं तेव्हा फडावर असणार, हे जूनमध्येच ठाऊक होतं. त्यांना गर्दीतली कामं देऊन मोकळं होणं सोपं होतं, पण मला ते मान्य नव्हतं. मग पहिला प्रयोग घटस्थापनेआधी शाळेच्या पटांगणातच ठेवला, आणि टँकर आल्याची पहिली आरोळी देणारी भूमिका जाणाऱ्या मुलीला दिली. रांगेचा प्रवेश असा रचला की वाक्यं नावावर न बांधता जागेवर बांधली: पहिली घागर, दुसरी घागर, तिसरी घागर. चार मुलं कमी झाली की रांग आखडते, वाक्यं पुढच्या घागरीकडे सरकतात आणि शब्द एकही बदलत नाही.

शब्द न बदलणं आणखी एका कारणानं महत्त्वाचं असतं. सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि प्रयोग मंजूर झालेल्या संहितेचाच करायचा असतो. म्हणून संहिता पाठवायची ती तालमीत घासून झाल्यावर. पानांना क्रमांक घाला, आणि मुखपृष्ठापासून अर्जापर्यंत नाटकाचं नाव अक्षर न् अक्षर एकच ठेवा.

आता टँकर. पुठ्ठ्याचा टँकर करून पाहिला, तो विंगेतच अडकला. शेवटी फक्त दिवे ठेवले. दोन बॅटऱ्या, काचांवर पिवळा जिलेटीन कागद, अंतर चार फूट. दोन मुलांच्या हातात दिल्या तर मिनिटभरात हात भरून येतात आणि एक दिवा खाली झुकतो. म्हणून दोन्ही बॅटऱ्या एका बांबूला सुतळीनं करकचून बांधल्या, बांबू दोघांच्या कमरेशी. अंधारात ते दिवे हळूहळू वळले की पाहणारी मुलं स्वतःच ‘टँकर!’ म्हणून ओरडतात. खरं पाणी रंगमंचावर आणू नये. फळ्या निसरड्या होतात आणि वायरी पायातच असतात. सुपात मूठ-दोन मूठ ज्वारी घेऊन माईकजवळ हळू फिरवली की धार पडल्याचा आवाज येतो. ज्वारी कोरडी हवी, दमट असली की आवाज बसतो.

हंड्यांनी मात्र पहिल्या रंगीत तालमीत सगळं बुडवलं. बारा स्टीलचे हंडे एकमेकांवर आपटले की खालच्या माईकवर तेवढंच ऐकू येतं. अकरा घागरी प्लॅस्टिकच्या केल्या, एकच हंडा स्टीलचा ठेवला, त्याच्या बुडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. भांडणाच्या क्षणी तो आडवा पडतो आणि त्याचा काठ फरशीवर वाजतो. तो आवाज अख्ख्या नाटकात एकदाच येतो, म्हणून दचकायला होतं.

तालमीसाठी पटांगणात फक्कीनं तीस बाय वीस फुटांची चौकट आखली, विंगांच्या जागी विटा ठेवल्या. मुलांना पंधरा दिवसांत सगळं नाटक ऐकून पाठ होतं, आणि मग दुसऱ्याच्या वाक्यावरही त्यांचे ओठ हलायला लागतात. रागावून ते थांबत नाही. त्या क्षणी हाताला काम द्यावं: चुंबळ नीट करणं, घागरीचा काठ पुसणं.

प्रयोग झाल्यावर गोष्ट पुन्हा पुस्तकासाठी लिहिली. पिनांची शिलाई असल्यामुळे पानं चारच्या पटीत लागतात; चोवीस ठरवली, टाइप सोळा पॉइंटचा. चित्रात जे दिसणार ते मजकुरातून काढलं. चित्रकारानं कच्ची मांडणी दाखवली तेव्हा टँकरचे दिवे पान 13 वर आले होते. 12 आणि 13 समोरासमोर उघडतात, म्हणजे वाट पाहणारी रांग वाचण्याआधीच मुलाला दिवे दिसणार. 10 आणि 11 वरची रांग लांबवली, 13 वर नुसता काळा रस्ता ठेवला आणि दिवे 14 वर नेले, पान उलटल्यावर दिसतील असे.