कोमो लेक : वारेन्नात पाच रात्री, सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी सोबत

मुद्द्याचं आधी सांगते, इटलीतला कोमो लेक मिलानमधून एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक टूरवाले तेच करतात, सकाळी बसने नेतात, बेल्लाजिओ गावात दोन तास सोडतात, आइस्क्रीम खाऊन परत. आम्ही वारेन्ना नावाच्या एकाच छोट्या गावात पाच रात्री राहिलो आणि आता कोणी विचारलं तर मी हेच सांगते की एकच गाव पकडा, बॅगा एकदाच उघडा आणि बाकी सगळं बोटीने फिरा.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, सासूबाई (वय ६९, दोन्ही गुडघे कुरकुरणारे) आणि आमची दहा वर्षांची मुलगी. एप्रिलचा शेवटचा आठवडा धरला कारण मुलीची परीक्षा संपलेली आणि तिकडे अझेलियाची फुलं नेमकी तेव्हा येतात. नोव्हेंबर ते मार्च तिकडे हॉटेलं, व्हिला, बागा बऱ्याच बंद असतात आणि बोटीही कमी, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जायचं डोक्यात असेल तर नीट विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी खूप. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर हेच बरे. फक्त २५ एप्रिल आणि १ मे या दोन्ही दिवशी इटलीत सुट्टी असते हे आम्ही लक्षात घेतलं नव्हतं, २५ तारखेला अख्खं मिलान लेकवर आल्यासारखं वाटलं, बोटीच्या रांगेत तासभर उभे होतो. त्या दिवशी गावातच थांबा.

व्हिसा शेंगेनचा, मोठ्यांना ९० युरो आणि सहा वर्षांपासून बारा वर्षांखालच्या मुलांना ४५, वर व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि मुंबईत उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट पटापट भरतात, तेव्हा तारखा ठरल्या की पहिलं काम तेच करा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. सासूबाईंसाठी आम्ही आधीपासून असलेल्या आजारांना कव्हर आहे का हे फोन करून दोनदा विचारून घेतलं, तुम्हीही घ्या, ते बारीक अक्षरांत असतं.

आता जायचं कसं. मिलान सेंट्राले स्टेशनवरून सोंद्रिओ-तिरानोकडे जाणारी साधी रीजनल ट्रेन पकडायची, साधारण एक तास पाच मिनिटांत वारेन्ना-एझिनो-पेर्लेदो हे लांबलचक नावाचं स्टेशन येतं. रिझर्व्हेशन नसतं, भाडं फार नाही, आधी बुक करायची गरज नाही. जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. लेक्को गाव सोडलं की बोगदे सुरू होतात आणि दोन बोगद्यांच्या मधे अचानक पाणी दिसतं, परत अंधार, परत पाणी, आमची मुलगी प्रत्येक वेळी ओरडत होती आणि समोरच्या इटालियन आजी तिच्याबरोबर हसत होत्या. कागदी तिकीट काढलंत तर गाडीत बसायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये ते पंच करायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. आणि 'शोपेरो' हा शब्द पाठ करा, शोपेरो म्हणजे संप. तो आधी जाहीर करतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या गाड्या तरीही सोडतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी एकदा बघून घ्या.

राहण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय कारण तिथेच आम्हाला त्रास झाला. जागा ऑनलाइन घेतली होती, लेक व्ह्यू, स्टेशनपासून दहा मिनिटं, सगळं खरं होतं. पायऱ्या किती ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. वारेन्ना डोंगराच्या उतारावर आहे, वरच्या रस्त्यापासून पाण्यापर्यंत दगडी पायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या उतरतात आणि आमचं घर अशाच एका गल्लीत मधोमध. सासूबाईंनी मोजल्या, ११२. बॅगा नवऱ्याने दोन खेपांत नेल्या, आई मात्र प्रत्येक वळणावर टेकत टेकत उतरल्या आणि खाली पोचल्यावर मला म्हणाल्या, "मी आता इथनं पाच दिवस हलत नाही हं." मला फार वाईट वाटलं, कारण मी फोटो बघितले, रिव्ह्यू वाचले, पण हा एक प्रश्न विचारला नाही. तेव्हा बुकिंगच्या आधी मालकाला सरळ मेसेज करा, रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, गाडी दारापर्यंत येते का. घरात कोणी वयस्कर असेल तर लेक व्ह्यू सोडा, बोटीच्या धक्क्याजवळ सपाट जागा घ्या, लेक तर धक्क्यावर बसूनही दिसतो. याच कारणाने ज्यांना पायऱ्या अजिबात झेपत नाहीत त्यांनी समोरच्या काठावरचं मेनाज्जिओ बघावं, ते बरंच सपाट आहे, पण तिथे ट्रेन नाही.

लेकचा आकार उलट्या वाय अक्षरासारखा. जिथे तीन फाटे भेटतात तिथे मधोमध बेल्लाजिओ, पूर्वेला वारेन्ना, पश्चिमेला मेनाज्जिओ आणि कादेनाब्बिया. या चार ठिकाणांमध्ये दिवसभर बोटी फिरत असतात, वारेन्ना ते बेल्लाजिओ जेमतेम पंधरा मिनिटं. म्हणून मुक्काम या मधल्या भागातच करा, कोमो शहरात नको, तिथून मधे यायला फास्ट बोटीलाही तासभर जातो आणि साध्या बोटीला दोन तासांच्या वर. मधल्या भागाचा दिवसभराचा पास मिळतो, तीन-चार वेळा चढ-उतर करणार असाल तरच तो परवडतो. बोटी तीन प्रकारच्या, साधी बात्तेल्लो, गाड्या नेणारी त्रागेत्तो आणि फास्ट. फास्टला पैसे जास्त आणि बसायचं आत काचेमागे, मजा नाही. गाड्यांच्या बोटीत वर उघड्या डेकवर बसायला मस्त जागा असते आणि रांगही कमी, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. शेवटची बोट किती वाजता हे रोज सकाळी फोटो काढून ठेवा.

भाड्याची कार घेऊ नका. पश्चिम काठाचा रस्ता इतका अरुंद आहे की समोरून बस आली की कोणीतरी मागे जायचं. त्यात जुन्या गावांत ठराविक भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भारतात येतो. आमच्या ओळखीच्यांना आला आहे.

बघितलं काय काय ते थोडक्यात. बेल्लाजिओ गर्दीचं आहे पण दुकानांच्या पायऱ्यांवरून पुढे चालत टोकाला जा, त्या टोकाचं नाव पुंता स्पार्तिवेंतो, म्हणजे जिथे वारा दुभंगतो ते टोक. तिथे बाक आहेत आणि उत्तरेला पांढरे डोंगर. वाऱ्यांना इथे नावं आहेत, सकाळचा उत्तरेकडून येणारा तो तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडून येणारा तो ब्रेव्हा. आपल्याकडे जसा खारा वारा, मतलई वारा. सकाळी आठला खिडकीतून बघितलं तर पाणी पडद्यासारखं गुळगुळीत आणि दुपारी त्याच पाण्यावर बारीक बारीक लाटा येऊन धक्क्याला लागायच्या. फोटो हवे असतील तर सकाळी लवकर.

व्हिला कार्लोत्ता अझेलियासाठी. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या गुलाबी, जांभळ्या भिंती आणि मधून वाट, सासूबाई तिथे दीड तास होत्या आणि गुडघ्यांचा विषय एकदाही निघाला नाही. पण माझं सगळ्यात आवडतं लेन्नो गावातलं व्हिला बाल्बियानेल्लो. आपल्याकडे ते दीपिका-रणवीरच्या २०१८ मधल्या लग्नामुळे माहीत आहे. मला तिथे थांबवून ठेवलं ते शेवटच्या मालकाने. ग्विदो मोन्झिनो, हा माणूस १९७१ मध्ये कुत्र्यांच्या घसरगाडीने उत्तर ध्रुवावर गेला आणि १९७३ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या इटालियन मोहिमेचा नेता होता. वरच्या मजल्यावर त्याच्या मोहिमांचं सामान मांडलंय, ध्रुवावर नेलेली स्लेजसुद्धा. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी हा मजला चुकवू नये. आत जायला गाइडेड टूर लागते, ती आधी ऑनलाइन बुक करा, नुसत्या बागेचं तिकीट वेगळं. सोमवार आणि बुधवार सहसा बंद असतं. लेन्नोच्या धक्क्यावरून साधारण किलोमीटरभर चाल आहे, मधे चढ आहे, आईंना आम्ही छोट्या टॅक्सी बोटीने नेलं आणि ते पैसे वसूल झाले. बागेत एक ओकचं झाड छाटून छाटून अगदी छत्रीसारखं गोल केलंय, मुलगी त्याच्यासमोरून हलेना.

नवरा ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, त्याच्यासाठी वारेन्नातलंच व्हिला मोनास्तेरो. हे मुळात नन्सचा मठ होतं, आता लेकच्या काठाने लांबच लांब बाग आहे आणि आत एन्रिको फर्मी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने फिजिक्सची स्कूल भरते. फर्मीने स्वतः १९५४ च्या उन्हाळ्यात इथे लेक्चर्स दिली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. नवरा त्या सभागृहात मागच्या बाकावर बराच वेळ गप्प बसून राहिला. पुढे कोमो शहरात व्होल्टाचं स्मारकही आहे, बॅटरीवाला व्होल्टा तिथलाच, युरो यायच्या आधी इटलीच्या दहा हजार लिराच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. कोमोला गेलातच तर १८९४ पासून चालणाऱ्या फ्युनिक्युलरने (दोराने डोंगरावर ओढली जाणारी गाडी) वर ब्रुनाते गावाला जा, सात मिनिटं लागतात.

वारेन्नाच्या दक्षिणेला पायी अर्ध्या तासावर फियुमेलात्ते आहे, दुधासारखी नदी, जेमतेम २५० मीटर लांब. डोंगरातून फेसाळत निघते आणि लगेच लेकमध्ये, आणि हिवाळ्यात आटून जाते. लिओनार्दो दा विंचीने तिची नोंद करून ठेवलीये. आमच्या वेळी जोरात वाहत होती. तिकीट नाही, गर्दी नाही.

खाण्याचं. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत. पिझ्झोक्केरी म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, त्यात बटाटा, कोबी, भरपूर चीज आणि लसणाचं लोणी, थंडीत पोटभर. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, त्यात चीज-लोणी घातलेली पोलेंता उंचा मागा. चीजमध्ये बऱ्याचदा प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" एवढं म्हटलं की मांस-मासे नकोत हे कळतं. दुपारी अडीचनंतर किचन बंद होतात ते सातपर्यंत, आम्ही पहिल्या दिवशी साडेतीनला उपाशी फिरत होतो. बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो म्हणजे टेबलाचा चार्ज लागतो, ती फसवणूक नाही, पद्धतच आहे. कॉफी काउंटरवर उभं राहून प्या, बसून बरीच महाग.

आणि मिस्सोल्तीनी. लेकमधले छोटे मासे मीठ लावून तारेवर उन्हात वाळवतात, मग तमालपत्रासकट डब्यात दाबून महिनोन् महिने ठेवतात, खाताना भाजून वर थोडं व्हिनेगर, शेजारी पोलेंता. प्लेट टेबलावर आली, वास आला आणि आमच्या मालवणच्या सासूबाई सरळ बसल्या. "अगो, हे तर आपले खारवलेले बांगडे!" आधी बोटांनी काटा बाजूला काढला, मग काटा-चमचा ठेवूनच दिला आणि पोलेंताचा गोळा करून त्याच्याबरोबर खाल्लं. वेट्रेस बघत होती, आतून तिच्या आईला बोलावून आणलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण त्या बाईंनी हातानेच दाखवलं, मीठ असं, वाळवायचं असं, दाबायचं असं, आणि आई मान डोलवत होत्या, मधेच "आम्ही हळद लावतो" असं मराठीतच सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी गुरुवार, आई मासे खात नाहीत, म्हणून शुक्रवारी परत तिथेच जेवलो, गर्दीतनं वाट काढत.

त्या शुक्रवारी जेवून निघालो तेव्हा त्यांनी ११२ पायऱ्या माझा हात न धरता उतरल्या. परतताना मात्र वर चढायचं होतं, तर आदल्या दिवशीच घरमालकीणबाईंना सांगून वरच्या रस्त्यावर टॅक्सी बोलावली आणि मोठ्या बॅगा संध्याकाळीच वर नेऊन त्यांच्या ओळखीच्या दुकानात ठेवल्या. तुम्ही अशा घरात राहिलात तर हेच करा, आणि चाकांच्या मोठ्या बॅगांऐवजी पाठीवरच्या सॅक घ्या, त्या दगडांवर आमच्या एका बॅगेचं चाक निघालं.